पडशी, चिलखत आणि ‘अभेद’ : वजन कोठे टांगावे याचा इतिहास

सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण संशोधन आणि विकास संघटना (डीआरडीओ) व दिल्लीची आयआयटी यांनी मिळून घडविलेल्या ‘अभेद’ या बुलेटप्रूफ जॅकेटची घोषणा झाली. बहुतेक बातम्यांत आकडे दोनच होते. संरक्षणाच्या एका पातळीसाठी ८.२ किलो आणि दुसऱ्या पातळीसाठी ९.५ किलो. जुन्या जॅकेटच्या वजनाशी तुलना झाली, बोरॉन कार्बाइड या सिरॅमिकचे कौतुक झाले आणि बातमी संपली. ते आठ-नऊ किलो सैनिकाच्या देहावर नेमके कोठे टेकतात, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

विचारायला हवा होता. आठ किलो पीठ डब्यात भरून एका हाताने चार मजले चढून पाहावे. मग तेवढेच पीठ पाठपिशवीत घालून, पट्टे आवळून चढून पाहावे. तराजूला दोन्ही ओझी सारखी, शरीराला मात्र मुळीच नाहीत. संरक्षक सामग्रीच्या बाबतीत हा फरक जिवाशी येतो, कारण असह्य झालेले चिलखत माणूस उतरवून ठेवतो, आणि उतरवून ठेवलेले चिलखत गोळी अडवीत नाही. म्हणून चिलखताचा इतिहास जितका धातूंचा आणि तंतूंचा, तितकाच तो पट्ट्यांचा आणि बकलांचाही आहे. फक्त पट्ट्यांचा इतिहास लिहिण्याचा उत्साह फारसा दिसत नाही.

संरक्षणाचे सर्वांत जुने साधन हाताचेच होते. भारतीय ढाल पाहिली, तर तिच्या पुढच्या बाजूस बहुधा चार फुल्या दिसतात. त्या केवळ शोभेच्या नसतात. मागील बाजूच्या मुठींच्या कड्या त्यांच्याच खिळ्यांनी पक्क्या केलेल्या असतात, आणि मुठींच्या खाली बोटांचे सांधे टेकण्यासाठी एक छोटी गादी असते. वार ढालीवर बसला की धक्का त्या गादीत मुरतो. योजना चांगली, पण किंमत एका हाताची. चालताना ढाल पट्ट्याने पाठीवर टाकता येई, मात्र लढताना ती पुन्हा हातातच यावी लागे. जोवर दुसऱ्या हातातील तलवारीने भागत होते तोवर हा सौदा परवडला. बंदूक आली आणि हिशेब बदलला. बंदूक ठासायला, पेलायला आणि नेम धरायला दोन्ही हात लागतात. हात शस्त्राने अडवले, तेव्हा संरक्षणाला देहावर जागा शोधणे भाग पडले.

देहावरील संरक्षण त्याआधीही होतेच. लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेला अंगरखा, म्हणजे कडीचे बख्तर, भारतात, इराणात आणि युरोपात शतकानुशतके वापरात होते. असा अंगरखा दहा किलोंच्या आसपास भरतो आणि सैल सोडला तर सगळा भार दोन खांद्यांवर लोंबतो. त्यावर जुन्या लढवय्यांनी काढलेला उपाय साधा होता. बख्तर कमरेशी घट्ट बांधायचे आणि वरचा भाग पट्ट्यावर किंचित उचलून घ्यायचा. एवढ्याने कमरेखालच्या भागाचा भार खांद्यांवरून निघून नितंबाच्या हाडांवर जातो. भार खांद्यावरून कमरेवर नेण्याची ही युक्ती विसाव्या शतकात पुन्हा नव्याने मांडली गेली, तेव्हा ती मोठी सुधारणा ठरली!

मोगलकालीन भारतात या बख्तरावर ‘चारआईना’ चढू लागला. इराणातून आलेल्या या शब्दाचा अर्थ चार आरसे. छातीवर एक, पाठीवर एक आणि दोन्ही काखांखाली एकेक अशा चार पोलादी पाट्या, पट्ट्यांनी आणि बकलांनी एकमेकींस जोडलेल्या. संग्रहालयातील चारआईन्यासमोर उभे राहून आजच्या बुलेटप्रूफ जॅकेटची आठवण काढली, तर रचनेतील साम्य चकित करते. पुढची पाटी, मागची पाटी, बाजूच्या पाट्या, खांद्यावरून जाणारे पट्टे आणि कमरेभोवतीचा बंद. पोलाद जाऊन सिरॅमिक आले, कातडे जाऊन नायलॉन आले, मांडणी मात्र ओळखू यावी इतकी तशीच राहिली.

अशा सामग्रीची शारीरिक किंमत किती होती, हे मोजले गेले ते अगदी अलीकडे. २०११ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी पंधराव्या शतकातील युरोपीय चिलखताच्या हुबेहूब प्रतिकृती घालून चालणाऱ्या आणि धावणाऱ्या माणसांचा प्राणवायूचा वापर तपासला. चिलखते तीस ते पन्नास किलोंची होती आणि ती घालून चालताना ऊर्जेचा खर्च दुपटीच्याही वर गेला. त्याहून बोलका होता दुसरा निष्कर्ष. तेवढेच वजन पाठीवर दिले असते तर खर्च कमी आला असता. चिलखताचा बराच भाग पायांवर आणि हातांवर होता आणि प्रत्येक पावलागणिक तो उचलून पुढे टाकावा लागत होता. सूल आणि गोल्डमन या अमेरिकी संशोधकांनी १९६९ मध्येच याचा हिशेब मांडला होता. धडावर वाहिलेल्या एका किलोला जितकी ऊर्जा लागते, त्याच्या चौपट ते सहापट ऊर्जा पावलांना बांधलेल्या एका किलोला लागते. हातातील वजनाला जवळपास दुप्पट, आणि डोक्यावरील वजनाला किंचितच अधिक.

तोफा-बंदुकांपुढे पोलादी चिलखते निरुपयोगी ठरून मागे पडली, पण सैनिकाच्या अंगावरचे ओझे हटले नाही. काडतुसे, पाणी, अन्न, कांबळे, कुदळ हे सगळे वाहावेच लागे. त्याचे पट्टे एकोणिसाव्या शतकात कातड्याचे असत. भिजले की ताणत, वाळले की आक्रसत, आणि एकेक वस्तू वेगळ्या पट्ट्याने आडवी-तिडवी टांगलेली असे. ब्रिटिश सैन्याने १९०८ मध्ये जाड विणीच्या सुती पट्ट्यांचा एकसंध साज स्वीकारला. मेजर बरोज यांची कल्पना आणि मिल्स कंपनीची विणकाम-विद्या यांतून तो तयार झाला होता. पुढे दीडशे काडतुसे, पाठीवर मोठी थैली, दोन्ही एकाच साजाला जोडलेली, आणि बकल सोडले की सारा डोलारा कोटासारखा एकदम उतरे. दोष एकच, पण मोठा होता. पुढची काडतुसे संपली किंवा मागची थैली काढली की तोल जाई. सामान पूर्ण असेपर्यंतच तो साज नीट बसत असे. पुढे १९३७ च्या नमुन्याचा साज आला आणि दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यानेही तोच वापरला.

ओझ्याकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहण्यास सुरुवात झाली ती जर्मनीत. झुंट्झ आणि शुम्बुर्ग यांनी सैनिकांवर बावीस ते एकतीस किलोंची ओझी चढवून त्यांचा श्वास, नाडी आणि थकवा मोजला आणि १९०१ मध्ये ‘कूच करण्याचे शरीरशास्त्र’ म्हणता येईल असा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न किती वजन, हा होता. कोठे वजन, हा प्रश्न नीट विचारला तो १९२४ मध्ये ब्रिटनमध्ये बेडेल या संशोधिकेने, आणि तोही कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांच्या निमित्ताने. आठ वेगवेगळ्या पद्धतींनी ओझे वाहताना स्त्रीची किती ऊर्जा खर्च होते, हे तिने तपासले. त्या आठांत खांद्यावरील जोखड, म्हणजे आपली कावड, सर्वांत किफायतशीर ठरली.

यानंतरचे एक महत्त्वाचे पान भारतात लिहिले गेले. १९६२ मध्ये मद्रासला संरक्षण शरीरक्रियाविज्ञान आणि संलग्न विज्ञान संस्था (डिपास) सुरू झाली. १९६८ मध्ये ती दिल्लीस हलविण्यात आली. सैनिकाच्या देहाला उष्णता, उंची आणि ओझे कसे झेपते, याचा अभ्यास हे तिचे काम. मल्होत्रा आणि सेन गुप्ता यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध मात्र वरवर पाहता सैन्याशी काहीच संबंध नसलेला आहे. विषय शाळकरी मुलांचे दप्तर. पाठीवर उंच बांधलेले, पाठीच्या खालच्या भागावर ठेवलेले, एका खांद्यावरून तिरपे टाकलेले आणि हातात धरलेले, अशा चार पद्धती त्यांनी तोलून पाहिल्या. पाठीवरचे दप्तर सर्वांत स्वस्त, हातातले सर्वांत महाग.

सहा वर्षांनी, १९७१ मध्ये, दत्ता आणि रामनाथन या भारतीय संशोधकांचा निबंध ‘एर्गोनॉमिक्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. ओझे वाहण्याच्या शास्त्रात आजही त्याचा दाखला दिला जातो. त्यांनी प्रयोगासाठी निवडलेल्या सात पद्धतींची यादी वाचताना एखाद्या भारतीय रेल्वे स्थानकाचा फलाटच डोळ्यांपुढे येतो. डोक्यावरची पाटी. खांद्यावरची कावड. धान्याचे पोते पाठीवर घेऊन त्याची वरची टोके हातांनी धरणारा हमाल. कपाळावरून गेलेल्या पट्ट्याने पाठीवरचे ओझे पेलणारा पहाडी भारवाहक. दोन्ही हातांत पिशव्या. पाठीवरची थैली. आणि सातवी, छातीवर अर्धे व पाठीवर अर्धे असे वाटून घेतलेले दुहेरी ओझे. सात निरोगी व्यक्ती, प्रत्येकावर तीस किलो, सपाट जमीन, ताशी पाच किलोमीटरचा वेग. वजन तेच आणि माणूसही तोच, बदलत होती ती फक्त वाहण्याची तऱ्हा.

निकाल स्पष्ट होता. दुहेरी ओझे सर्वांत कमी खर्चाचे. त्याच्या अगदी मागोमाग डोक्यावरचे. हातातील ओझ्याला दुहेरी ओझ्यापेक्षा सुमारे चाळीस टक्के अधिक ऊर्जा लागली. बेडेलच्या प्रयोगात पहिली आलेली कावड येथे बरीच खाली घसरली. बांबूच्या टोकांना झुलणारी ओझी सांभाळण्यातही श्रम जातात, आणि वाहणाऱ्याला त्या झोक्याशी पाऊल जुळवण्याचा सराव नसेल तर ते आणखी वाढतात.

मराठी वाचकाला दुहेरी ओझ्याची पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही. तिला आपल्याकडे पडशी म्हणतात. मध्ये उघडी असलेली लांब झोळी, एक तोंड छातीवर, एक पाठीवर, मधला भाग खांद्यावर. पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्याच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या ती दिसत आली आहे. हात टाळ्यांना आणि पताकेला मोकळे. पुढे-मागे वजन सारखे असले की कंबर वाकत नाही. बुलेटप्रूफ जॅकेट ही मुळात सिरॅमिकच्या पाट्यांची पडशी आहे.

यामागील यांत्रिकी शाळेतील तरफेची आहे. पाच किलोची पाटी छातीवर, पाठीच्या कण्यापासून वीस सेंटिमीटर पुढे टांगली, असे समजू. ती देहाला पुढे झुकवू पाहते. तो झोक आवरण्यासाठी कण्यामागील स्नायूंना मागे ओढावे लागते, पण हे स्नायू कण्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. वीसला पाचने भागले की चार. म्हणजे पाच किलोच्या पाटीसाठी स्नायूंना वीस किलोंइतकी ओढ सतत द्यावी लागते, आणि कण्याच्या मणक्यांना पाटीचे वजन व ही ओढ दोन्ही सोसावी लागतात. तितकीच पाटी मागे टांगली की तरफ समतोल होते आणि स्नायू सुटतात. पुढची-मागची पाटी एकाच वजनाची असावी, यामागे गोळी कोठूनही येऊ शकते हे एक कारण झाले. कण्याचे कारण दुसरे, आणि ते गोळी आली नाही तरी दिवसभर लागू असते.

हातातील ओझे इतके महाग का पडते, याचे उत्तर निराळे आहे. मूठ आवळून धरलेला स्नायू हलत नाही, फक्त ताणलेला राहतो. आवळलेल्या स्नायूतील रक्तवाहिन्या दबतात, रक्तपुरवठा खुंटतो आणि थकवा लवकर येतो. शिवाय चालताना हात झुलून देहाचा तोल राखतात, ते झुलणेही थांबते.

मग डोक्यावरचे ओझे इतके स्वस्त असताना सैनिकाला डोक्यावर का देऊ नये? या प्रश्नाला हसण्याचे कारण नाही, कारण शास्त्रज्ञांना याच पद्धतीने अनेक वर्षे झपाटले होते. १९८६ मध्ये ‘नेचर’मधील एका निबंधाने दाखवून दिले की पूर्व आफ्रिकेतील लुओ आणि किकुयू स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंतचे ओझे डोक्यावरून किंवा कपाळपट्ट्याने वाहताना जादा ऊर्जा जवळजवळ खर्चच करीत नाहीत. २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये नेपाळी भारवाहकांचा अभ्यास आला. नामचे बाजारच्या चढावर पुरुष भारवाहक सरासरीने आपल्या वजनाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक ओझे वाहत होते, तेही कपाळावरच्या ‘नाम्लो’ पट्ट्याने. जड ओझी वाहण्यात ते पाठीवर थैली घेणाऱ्या पाश्चात्त्यांपेक्षा सरस ठरले. मात्र ही कला लहानपणापासून मुरलेली असते आणि तिची अट कडक आहे. मान स्थिर हवी, नजर वाटेवर हवी. गोळीचा आवाज आला की सैनिकाला मान वळवावी लागते, जमिनीवर पालथे पडावे लागते. डोके त्याला स्वतःसाठी लागते.

उरले खांदे आणि कंबर. खांदा हा ओझे टांगण्यासाठी सोयीचा दिसतो, पण त्याची रचना तशी नाही. गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा जातो. अरुंद पट्टा तासन्‌तास त्यावर दाबला की बोटांना मुंग्या येतात, पकड सैल होते, क्वचित हात उचलतच नाही. वैद्यकीय वाङ्मयात या आजाराला थेट पाठपिशवीच्याच नावाने ओळखले जाते. ज्याच्या हातात बंदूक आहे त्याच्या बोटांना मुंग्या येणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

नितंबाचे हाड याउलट भक्कम. ते माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला घट्ट जोडलेले आणि मांडीच्या हाडांवर टेकलेले असते. तेथे दिलेला भार कण्याला वगळून थेट पायांत उतरतो. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील डिक केल्टी यांनी अॅल्युमिनियमचा सांगाडा, गादी लावलेले खांदेपट्टे आणि कमरेचा पट्टा असलेली गिर्यारोहकांची पिशवी बाजारात आणली, आणि पाठपिशवीचे रूप कायमचे पालटले. यातील सांगाड्याचे महत्त्व बऱ्याचदा निसटते. ओझे आणि कमरपट्टा यांच्यामध्ये काहीतरी ताठ असल्याशिवाय भार खाली पोहोचत नाही. नुसत्या मऊ कापडाच्या जॅकेटला कमरपट्टा लावला, तर तो पोट आवळतो, वजन मात्र खांद्यावरच राहते.

याच सुमारास अंगावरचे चिलखत परत आले होते. कोरियाच्या युद्धात अमेरिकी सैनिकांनी तुकड्यांपासून बचाव करणारी जॅकेटे घातली. व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरमधील सैनिकांना सिरॅमिकच्या पाट्या मिळाल्या. १९६५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून केव्हलारचा मार्ग खुला झाला. तंतू पिस्तुलाची गोळी अडवतो. रायफलच्या गोळीपुढे तो एकटा पुरत नाही, तेथे सिरॅमिक लागते. ते गोळीचे टोक फोडते आणि मागचे तंतूंचे अस्तर तुकडे झेलते. बोरॉन कार्बाइडची घनता पोलादाच्या एक तृतीयांशाहूनही कमी, पण कठीणपणात हिऱ्याच्या रांगेत बसणारी. तरीही पाट्या, अस्तर, मान आणि मांड्यांचे जोड असे सारे मिळून वजन चढत राहिले. अखेर २००७ च्या सुमारास अमेरिकी सैन्याने आपल्या जॅकेटमध्ये आतून कमरपट्टा बसवला, भार खांद्यांवरून खाली घेतला, आणि एक दोरी ओढताच सारे जॅकेट सुटे होऊन गळून पडेल अशी सोय केली. पाण्यात पडलेल्या किंवा पेटत्या वाहनात अडकलेल्या सैनिकाला चिलखतानेच मारू नये, यासाठी ही दोरी.

भारतात दहशतवादविरोधी मोहिमांमध्ये सैनिकांनी जी जॅकेटे वर्षानुवर्षे वापरली, त्यांची वजने त्या काळच्या बातम्यांत पंधरा ते अठरा किलो अशी दिलेली आढळतात. सैन्याने २००९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक नव्या जॅकेटांची मागणी नोंदविली. १,८६,१३८ जॅकेटांचा ६३९ कोटी रुपयांचा मोठा करार प्रत्यक्षात झाला एप्रिल २०१८ मध्ये. मधली नऊ वर्षे निविदा, चाचण्या आणि फेरचाचण्यांत गेली. त्या वर्षांत जवानांच्या खांद्यांवर काय होते, हे सरकारी कागदांत किलोंमध्ये लिहिलेले सापडेल, खांद्यांची नोंद सापडणार नाही.

२०१८ च्या अखेरीस भारतीय मानक ब्युरोने बुलेटप्रूफ जॅकेटांसाठी आयएस १७०५१ हे देशाचे स्वतःचे मानक जाहीर केले. धोक्याच्या सहा पातळ्या, प्रत्येक पातळीसाठी कोणती गोळी अडली पाहिजे, याचे नियम त्यात आले. सर्व बाजूंनी संरक्षणाबरोबरच ‘गतिमान भारवितरण’ हा शब्दप्रयोगही या मानकाच्या परिचयात ठळकपणे आला. चालताना, वाकताना, चढताना भार एकाच जागी न राहता खांदे आणि कंबर यांत वाटला जावा, असा त्याचा आशय. दत्ता आणि रामनाथन यांच्या निबंधानंतर तो प्रश्न सरकारी भाषेत उतरायला जवळपास अर्धे शतक लागले.

आता पुन्हा २०२४ कडे. त्या वर्षी एप्रिलमध्ये कानपूरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने सहाव्या, म्हणजे सर्वोच्च पातळीसाठी देशातील सर्वांत हलक्या जॅकेटची घोषणा केली. चाचण्या चंडीगडच्या प्रयोगशाळेत झाल्या. समोरची पाटी स्नायपर रायफलच्या सहा गोळ्या अडवते. घोषणेत पाटीचे वजन चौरस मीटरमागे दिले होते. मऊ अस्तरासह वापरायच्या पाटीसाठी ४० किलोंहून कमी आणि स्वतंत्र पाटीसाठी ४३ किलोंहून कमी. विद्यार्थ्यांनी हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पंचवीस बाय तीस सेंटिमीटरची पाटी म्हणजे ०.०७५ चौरस मीटर. त्याला ४३ ने गुणले की सव्वातीन किलोंच्या आसपास येते. पुढची-मागची मिळून साडेसहा किलो. आठ-नऊ किलोंच्या जॅकेटमध्ये पाट्यांखेरीज अस्तर, कापड, पट्टे आणि बकले यांना किती थोडे वजन उरते, ते यावरून दिसते. पाटीचा प्रत्येक ग्रॅम झगडून कमी करावा लागतो. पट्टा योग्य जागी शिवायला वजन लागत नाही, विचार लागतो.

भार हलका झाला तरी चाल बदलतेच, हेही भारतातच मोजले गेले आहे. डिपासमधील मजुमदार आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दहा पायदळ सैनिकांच्या चालीचा त्रिमितीय अभ्यास प्रसिद्ध केला. इन्सास रायफल, हलकी मशीनगन, खांद्यावरची पिशवी आणि पाठीवरची थैली अशी निरनिराळी जुळणी करून ४.२ ते १७.५ किलोंपर्यंतची ओझी सैनिकांना दिली होती. जगातील सैनिक वाहतात त्या मानाने ही ओझी माफकच, तरीही घोटा आणि नितंबाच्या सांध्यांच्या हालचालींत फरक दिसून आला.

पडशीच्या पद्धतीलाही खोट आहेच. छाती आणि पाठ दोन्ही झाकल्या की घाम सुकायला जागा उरत नाही. घट्ट आवळलेला बंद बरगड्यांना पुरते फुलू देत नाही. कमरेवर भार दिला की चढ चढताना गुडघा वर उचलण्यास अडथळा होतो, आणि काडतुसांचा पट्टाही त्याच कमरेवर जागा मागतो. पालथे पडून नेम धरताना मागची पाटी वर सरकते, शिरस्त्राणाला टेकते आणि शिरस्त्राण डोळ्यांवर येते. राजस्थानातील उन्हाळा, सियाचीनची थंडी आणि पूर्वोत्तरातील दमट जंगल यांना एकच साज पुरणार नाही.

देहही एकसारखे नसतात. पुरुषाच्या मापाचे जॅकेट स्त्रीला दिले, तर पाटी छातीपासून दूर राहते, तरफेची लांबी वाढते आणि कमरपट्टा नितंबाच्या हाडावर बसण्याऐवजी पोटावर बसतो. केंद्रीय राखीव पोलीस दलातील महिलांना दंगल-नियंत्रणाच्या कामावर दीर्घकाळ पुरुषांच्या मापाचीच संरक्षक सामग्री घालावी लागत असे. दप्तराच्या प्रयोगांपासून याच प्रश्नाच्या मागे असलेल्या डिपासने त्यांच्यासाठी स्त्रीदेहाच्या रचनेनुसार संपूर्ण अंगरक्षक तयार केला. त्याचे नाव ‘प्रबला’.